शाळाप्रवेशाची मुलाखत: मुलाची तयारी थोडी, आईवडिलांची जास्त

कायद्याने पाहिलं तर ही मुलाखत व्हायलाच नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 प्रवेशासाठी मुलाला किंवा पालकांना चाळणी लावू देत नाही. शाळेने तसं केलं तर पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे. अर्ज जास्त आणि जागा कमी असतील तर सोडत काढायची, एवढाच मार्ग कायद्याने ठेवलाय. पण कायद्याची भाषा 6 ते 14 वयाची, आणि खासगी शाळांत खरी झुंबड उडते ती नर्सरी-केजीला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तर 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा कायदाच लागू होत नाही. म्हणून ‘इंटरॅक्शन’, ‘पालकभेट’ अशा नावांनी मुलाखत सुरूच आहे. ती द्यायची वेळ आली, तर नीट देऊया.

दहा-पंधरा मिनिटांत मुलाखत घेणाऱ्या बाईंना मुलाबद्दल फार थोडं कळतं. आई खोलीबाहेर गेल्यावर ते थांबतं का, सांगितलेलं ऐकतं का, हवं-नको बोलून दाखवतं का, एवढंच त्या बघतात. बाकीचा वेळ तुमच्यावर नजर असते. त्यामुळे तीन वर्षांच्या पोराला महिनाभर घोकायला लावून स्वतः गेटवर पोचल्यावर फाईल उघडणं, ही उलटी तयारी झाली.

आधी कागद

राज्यात वयाचा हिशेब 31 डिसेंबरला धरतात: नर्सरीला त्या दिवशी 3 वर्षं पूर्ण, पहिलीला 6. डिसेंबरात जन्मलेलं मूल बसतं म्हणून लगेच घालायलाच हवं असं नाही. वर्गात ते काही मुलांपेक्षा दहा-अकरा महिन्यांनी लहान असणार आणि ते अंतर दुसरी-तिसरीपर्यंत जाणवतं. एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही.

जन्मदाखला जिथे जन्म झाला तिथल्या नोंदणी कार्यालयाचा असतो, तुम्ही राहता तिथला नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून कोल्हापुरात वाढलेल्या कितीतरी मुलांचा दाखला गडहिंग्लज, इचलकरंजी किंवा निपाणीचा असतो. निपाणी-बेळगावचा असेल तर तो कर्नाटक सरकारचा; त्यावर नावाचं इंग्रजी स्पेलिंग काय पडलंय ते आजच बघा. बारशाआधी काढलेल्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं. ते जन्मनोंदणीपासून 12 महिन्यांत फुकट घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण त्यासाठी त्या गावाला खेपा पडतात, म्हणून हे काम फॉर्म निघण्याच्या दोन महिने आधी उरका.

मग जन्मदाखला, मुलाचं आधार आणि शाळेचा फॉर्म शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. नेहमीचे घोळ ठरलेले: दाखल्यावर ‘श्री’चं स्पेलिंग डबल ई घालून आणि आधारवर आय घालून, वडिलांचं नाव एकीकडे संभाजी, दुसरीकडे संभाजीराव, आईचं नाव एका कागदावर माहेरचं. आधार बदलून घेणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून दाखला बरोबर धरून आधार त्याला जुळवा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारवर बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ते अपडेट करावं लागतं.

हे एवढं ताणून सांगायचं कारण शाळेचं जनरल रजिस्टर. पहिल्या प्रवेशाला त्यात नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात उतरते आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच येते. नंतरची दुरुस्ती शिक्षण विभागाच्या मंजुरीशिवाय होत नाही. जात पडताळणीला घरातल्यांच्या जुन्या शाळेच्या नोंदी मागतात, म्हणून जातीचा रकाना गडबडीत कुणाला तरी भरायला देऊ नका. आजोबांच्या किंवा वडिलांच्या दाखल्यावर जशी नोंद आहे, तशीच शब्दाला शब्द लिहा.

बरोबर ठेवायचं बाकी सामान: लसीकरणाचं कार्ड, मुलाचे सहा आणि आईवडिलांचे दोन-दोन फोटो, लाईट बिल किंवा भाडेकरार, लागत असेल तर जातीचा दाखला, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.

मुलाची तयारी: सहा आठवडे, रोज वीस मिनिटं

पहिलं काम, आईपासून सुटणं. पाठांतर चोख असलेली मुलं इथेच अडतात. शेजारच्या काकूंकडे पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग तासभर असं ठेवत जा. जाताना सांगून जा: ‘मी दूध घेऊन येते, तू इथं खेळ.’ आणि खरंच दूध घेऊन या. डोळा चुकवून पळालात तर पुढच्या वेळी ते पदर सोडणार नाही.

दुसरं, परक्या माणसाला उत्तर देणं. आई विचारते तेव्हा मूल बोलतंच. म्हणून भाजीवाल्या मावशींकडे त्यालाच पुढे करा: ‘दोन लिंबं द्या’ त्याने म्हणायचं, पैसे त्याने द्यायचे, सुट्टे त्याने घ्यायचे. कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मार्केटच्या एका फेरीत रंग, आकार, मोजणी, भाज्यांची नावं सगळं होतं. सिमला मिरचीला घरी ढबू म्हणत असाल तर ढबूच म्हणू दे; बाईंनाही ढबू कळते.

मोजणी म्हणजे शंभरपर्यंत अंक म्हणणं नव्हे. ताटलीत मूठभर शेंगदाणे ठेवा आणि ‘मला पाच दे’ म्हणा. अंक पाठ असलेलं मूल ‘एक, दोन, तीन…’ म्हणत हात फिरवतं, पण बोट एका दाण्यावर दोनदा पडतं आणि मधला एखादा सुटतो. एका शब्दाला एक दाणा उचलून वाटीत टाकायला लावा. तीन वर्षांच्या मुलाला तीनपर्यंत नक्की जमलं तरी पुरे, साडेचार-पाचच्या मुलाला दहापर्यंत.

पेन्सिलीचंही तसंच. साधारण तीन वर्षांना गोल काढता येतो, चारला अधिकची खूण, साडेचारच्या आसपास चौकोन, पाचला त्रिकोण. त्याआधी अक्षरं गिरवायला लावली की मूठ आवळून धरायची सवय लागते आणि ती मोडायला पुढे वर्ष जातं. त्यापेक्षा कणकेचे गोळे, मटार सोलणं, मणी ओवणं, कपडे वाळत घालताना चिमटे लावणं यांनी बोटांत जोर येतो. खडू जाड आणि तोडलेला द्या. तुकडा लहान असला की तीन बोटांतच धरावा लागतो.

सूचना दोन टप्प्यांच्या द्या: ‘लाल वाटी उचल आणि आजीला दे.’ आधी मराठीत, जमलं की त्यातल्या सात-आठ इंग्रजीत: कम हियर, सिट डाउन, गिव्ह मी, ओपन द बॉक्स. इंग्रजी माध्यमासाठी एवढं ऐकून कळलं की झालं.

आणि आता घोकंपट्टीबद्दल. नाव, वडिलांचं नाव, शहर, आवडता रंग अशी उत्तरं ओळीने पाठ केली की ती ओळीनेच बाहेर पडतात. बाईंनी आधी ‘व्हॉट इज युअर फादर्स नेम?’ विचारलं की पोरगं आपलंच नाव सांगतं, रंग विचारला की ‘कोल्हापूर’. शिकवलेलं आहे हे तिथेच कळतं. प्रश्न नेहमी उलटसुलट विचारा, निरनिराळ्या माणसांनी विचारा आणि निम्मे प्रश्न असे ठेवा की उत्तर रोज बदलेल: आज डब्यात काय खाल्लंस, रंकाळ्यावर काय बघितलंस, आजोबा कुठं गेलेत.

शू-शीचं स्वतः सांगता येणं, चड्डी वर-खाली करता येणं, नळाखाली हात धुणं हे मुलाखतीत विचारोत न विचारोत, जूनमध्ये लागणारच आहे.

आईवडिलांची तयारी

प्रश्न ठराविक आहेत. हीच शाळा का? दिवसभर मुलाला कोण सांभाळतं? मोबाइल किती वेळ बघतं? रागावल्यावर काय करता? अभ्यास कोण घेणार? आजार, ॲलर्जी? ने-आण कशी? आदल्या रात्री दोघांनी समोरासमोर बसून एकेकाचं उत्तर बोलून बघा. बाबा म्हणतात ‘आमच्याकडे मोबाइल अजिबात नाही’ आणि शेजारच्या खोलीत पोरगी बाईंना कार्टूनची नावं धडाधड सांगते, असं होतं. ‘जेवताना अर्धा तास बघते, कमी करतोय’ हे खरं उत्तर चालतं.

दोघांनीही बोलायचं. बाबांनी सगळी उत्तरं द्यायची आणि आईने मान हलवायची, हे चांगलं दिसत नाही. इंग्रजी सहज येत नसेल तर मराठीतच स्वच्छ बोला. पाठ केलेल्या इंग्रजीत दुसऱ्या प्रश्नाला गाडी अडते. ‘तुमची शाळा कोल्हापुरात नंबर एक आहे’ हे बाईंनी सकाळपासून वीसदा ऐकलेलं असतं. ‘घरापासून दोन किलोमीटरवर आहे, थोरली इथेच चौथीत आहे, मैदान आहे’ हे कारण पटतं.

तुम्हीही विचारा. वर्गात मुलं किती? कायद्यात पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेली आहे का? 2011 चा शुल्क विनियमन कायदा तेच सांगतो. व्हॅनमध्ये मदतनीस बाई असते का? कळंब्यात राहून कसबा बावड्याच्या शाळेत घालायचं म्हणजे रोज शहर आडवं कापायचं. रिक्षामामा सगळ्या पोरांना गोळा करत जातात, तेव्हा तुमचं मूल पहिलं चढणार की शेवटचं हे विचारून घ्या. डोनेशनचा विषय निघाला तर पावती मागा. असं डोनेशन म्हणजेच कॅपिटेशन फी घेणंही कलम 13 खालीच गुन्हा आहे आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत आहे.

त्या दिवशी

झोपेच्या वेळेची स्लॉट मिळाली तर बदलून मागा, बहुतेक देतात. नवे बूट नकोत, टोचणारी जरीची कुर्ती नको. पोट भरलेलं असावं पण गच्च नको. पोचलात की आधी बाथरूम दाखवा.

ताटकळताना हातात मोबाइल देऊ नका. नाव पुकारलं की तो ओढून घ्यावा लागतो आणि मूल रडतच आत जातं. चित्रांचं पुस्तक किंवा दोन छोट्या गाड्या पुरतात.

आत ते गप्प राहिलं तर तुम्ही उत्तर देऊ नका. ‘घरी तर पोपटासारखी बोलतेस, आता काय झालं?’ हे वाक्य तर अजिबात नको; त्यानंतर ती तोंड उघडणारच नाही. मनात दहा आकडे मोजा. बाईंना अशी मुलं रोज भेटतात, त्या खेळणं पुढे सरकवतात आणि काम होतं. बाहेर आल्यावर व्हरांड्यात ‘काय विचारलं, काय सांगितलंस’ ही उलटतपासणीही नको.

मुलाखत नकोच असेल तर

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत असलं काही नसतं. गुढीपाडव्याला पाटीपूजन करून नाव घालता येतं. कोल्हापुरात जरगनगरच्या महापालिका शाळेत तर त्या दिवशी प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागतात, तेव्हा लवकर जा. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात आणि निवड सोडतीने होते. दुर्बल घटकातून भरायचा तर वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. या जागेसाठी कुणी मुलाखतीला बोलावलं तर लेखी पत्र मागा. शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या, पोच घेऊन.

यादीत नाव आलं तरी फी भरण्याआधी प्रवेश रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हे लेखी घ्या. दोन शाळांत नाव लावून ठेवणाऱ्यांचे पैसे इथेच अडकतात. आणि मूळ जन्मदाखला कुठल्याच शाळेत ठेवून येऊ नका. तो फक्त दाखवायचा, द्यायची ती झेरॉक्स.