चार वायरलेस सेट, एक टेबल: कमी खर्चात डिस्पॅच कन्सोल बांधताना

सिक्युरिटी, फायर, मेंटेनन्स आणि ट्रान्सपोर्ट. मध्यम आकाराच्या कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये साधारण एवढे चॅनेल असतात, आणि टेबलावर तितकेच बेस सेट, तितकेच हँड माइक, तितकेच स्पीकर. दोन सेट एकदम बोलले की ऑपरेटरला आधी आवाज कुठून आला ते शोधावं लागतं, मग चारातला बरोबर माइक उचलावा लागतो. आगीची वर्दी आलेली असताना हे काही सेकंद फार मोठे असतात. तुर्भ्याच्या एमआयडीसी पट्ट्यातल्या एका कारखान्यासाठी आम्ही चारही सेट एकाच पॅनलवरून ऐकता-बोलता येतील असा डिस्पॅच कन्सोल स्वतः बांधला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणाऱ्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींना या कामात शिरायचं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

खरेदीआधी परवाना. वायरलेस सेट वापरायलाच नाही, जवळ बाळगायलाही परवाना हवा, ही अट १९३३ च्या वायरलेस कायद्यापासूनची आहे. कारखान्याच्या फ्रिक्वेन्सीचं काम दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे असतं, अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो. घरी शिकायचं असेल तर हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा द्या. तो मिळाला की १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे प्रयोगांना मोकळे होतात, पण त्यावर कंपनीचं एकही काम करायचं नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे मान्यताप्राप्त हँडसेट विनापरवाना चालतात, सरावाला ते पुरेसे आहेत.

आता मुद्द्याचं. या कामात नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा की एका माइकवरून चार सेट कसे चालवायचे. माझं ठाम मत आहे की सुरुवात उलट्या टोकाने करावी. कन्सोल ऑपरेटरच्या कानासाठी बांधायचा असतो. आमच्या कंट्रोल रूममधल्या सर्वांत जुन्या ऑपरेटर काकांना मी विचारलं की तुम्हाला काय काय हवं, तर ते म्हणाले, "दिवे लाव, बटणं लाव, काय हवं ते लाव. पण कोण बोललं ते मला मान वर न करता कळलं पाहिजे."

त्यावरून पुढचं सगळं ठरलं. निवडलेल्या चॅनेलचा आवाज समोरच्या स्पीकरमध्ये, बाकी तिघांचा बाजूच्या दुसऱ्या स्पीकरमध्ये, थोडा हळू. महागड्या कन्सोलमध्येही सिलेक्ट आणि अनसिलेक्ट अशी हीच विभागणी असते. अनसिलेक्ट आवाजाची पातळी कमी करता यावी, पण शून्यावर नेता येऊ नये. त्यासाठी व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या गुंडीमागच्या बदलत्या रेझिस्टरच्या) खालच्या टोकाला एक रेझिस्टर टाकला की झालं. शिवाय प्रत्येक चॅनेलला एक दिवा द्या, जो कॉल संपल्यावरही दहाएक सेकंद पेटता राहील. दोघे एकदम बोलून गप्प झाले तर कोणाला परत विचारायचं हे त्या दिव्यावरून कळतं.

सेट कन्सोलला जोडताना स्पीकरच्या वायरी कापू नका. बहुतेक मोबाइल सेटच्या मागे अॅक्सेसरी सॉकेट असतं. त्यात पाच गोष्टी शोधायच्या: येणारा ऑडिओ, जाणारा ऑडिओ, बोलण्यासाठी सेट चालू करणारी लाइन म्हणजे पीटीटी, कॉल आल्याचा सिग्नल म्हणजे सीओएस, आणि ग्राउंड. हॅम सेटवर हेच सहा पिनांच्या मिनी-डिन सॉकेटमध्ये मिळतं: १ वर जाणारा ऑडिओ, २ ग्राउंड, ३ पीटीटी, ४ आणि ५ वर येणारा ऑडिओ, ६ वर स्क्वेल्च, म्हणजे सीओएसचंच काम करणारा सिग्नल. इथल्या ऑडिओची पातळी स्थिर असते, सेटची व्हॉल्यूमची गुंडी कोणी फिरवली तरी कन्सोलवर फरक पडत नाही.

यापुढचा भाग घाईने उरकू नका, कमी खर्चाचे कन्सोल इथेच बिघडतात. सेट एका एसएमपीएस पॉवर सप्लायवर, कॉम्प्युटर दुसऱ्या सप्लायवर, अँटेनाची केबल गच्चीवरच्या अर्थिंगला. तिन्हींची ग्राउंड ऑडिओच्या वायरीतून एकत्र आली की पन्नास हर्ट्झची गुणगुण सुरू होते. म्हणून येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही ऑडिओ लाइनींवर ६००:६०० ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर घाला. पीटीटी आणि सीओएससाठी ऑप्टोकपलर, म्हणजे वायरी न जोडता आतल्या एलईडीच्या उजेडाने सिग्नल पलीकडे देणारा भाग. पीसी८१७ स्वस्त आणि पुरेसा आहे. पाच व्होल्टवरून ४७० ओहम लावला तर त्याच्या एलईडीतून सुमारे आठ मिलिअँपिअर जातात. सेटच्या पीटीटी पिनेला किती करंट लागतो ते मीटरने मोजा, मगच ऑप्टोकपलर झेपेल की रिले लागेल ते ठरवा. ट्रान्सफॉर्मर लावूनही गुणगुण गेली नाही तर केबलची जाळी तपासा. ती दोन्ही टोकांना जोडलेली असेल तर ग्राउंड पुन्हा एक झालेलं असतं आणि ट्रान्सफॉर्मर फुकट जातो. जाळी एकाच टोकाला जोडायची.

पीटीटीची रचना अशी ठेवा की वीज गेली, मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला किंवा वायर निखळली तर सेट ऐकण्याच्या स्थितीत येईल. ऑप्टोकपलरचा एलईडी बंद म्हणजे पीटीटी बंद. आर्डुइनोसारख्या मायक्रोकंट्रोलरच्या पिना रीसेटच्या वेळी इनपुट होतात, म्हणून ही जोडणी सुरक्षित राहते. लो ट्रिगरवाले, म्हणजे इनपुट शून्यावर गेलं की चालू होणारे, तयार रिले बोर्ड मी या जागी वापरत नाही. सेटमधला टाइमआउट टायमर, म्हणजे ठरल्या वेळाने प्रक्षेपण आपोआप तोडणारी सोय, मिनिटभरावर लावून घ्या. नाहीतर फूटस्विचवर, म्हणजे पायाने दाबायच्या पीटीटीवर, खुर्चीचा पाय आला तर सगळा चॅनेल अडकतो, आणि आत शिरायला कोणालाच वाट राहत नाही.

ऑडिओची पातळी कानाने लावू नका. माइक इनपुटला काही मिलिव्होल्ट लागतात आणि कन्सोलच्या लाइन आउटवर व्होल्टच्या घरात सिग्नल असतो. मधे रेझिस्टरचा डिव्हायडर आणि बहुफेरी ट्रिमपॉट हवा. अँटेनाच्या जागी डमी लोड (प्रक्षेपणाची शक्ती आतच जिरवणारा रेझिस्टर) लावा, एक किलोहर्ट्झचा टोन सोडा आणि डेव्हिएशन, म्हणजे आवाजामुळे फ्रिक्वेन्सी किती सरकते ते, मोजा. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलला कमाल डेव्हिएशन २.५ किलोहर्ट्झ, त्याच्या साठ टक्के म्हणजे १.५ वर टोन बसवायचा. डेव्हिएशन मीटर नसेल तर सेटचा मूळ हँड माइक आणि कन्सोल यांचा आवाज दुसऱ्या सेटवर ऐकून, स्कोपवर शेजारी शेजारी ठेवून जुळवा. कन्सोलचा आवाज पातळीला बरोबर असूनही घोगरा, दबलेला येत असेल तर सिग्नल फ्लॅट इनपुटला जातोय का ते पाहा. माइक इनपुटवर सेट वरच्या स्वरांना उठाव देतो, डेटासाठीच्या फ्लॅट इनपुटवर देत नाही, आणि ऐकणारा सेट मात्र ते स्वर खाली आणतोच.

एक चॅनेल असा पूर्ण झाला, कारखान्याच्या चार कोपऱ्यांतून हँडसेटवर तपासला, की तोच बोर्ड आणखी तीनदा बनवायचा. सुट्टे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. पॅनलचा पत्रा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपमधून कापून, भोकं पाडून घ्या. बॉक्स धातूचाच घ्या आणि तो अर्थ करा. प्लास्टिकच्या बॉक्समध्ये शेजारच्या सेटचं प्रक्षेपण शिरतं आणि ऑडिओत खरखर येते. आत येणाऱ्या प्रत्येक वायरीवर फेराइट आणि १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला की बराच त्रास टळतो.

चार चॅनेल एकत्र आले की दोन नवे प्रश्न उभे राहतात. पहिला खोलीतला: ऑपरेटर फायरवर बोलत असताना बाजूच्या स्पीकरमधला मेंटेनन्सचा आवाज त्याच्या माइकमध्ये शिरतो आणि फायरवर ऐकू जातो. पीटीटी दाबल्यावर अनसिलेक्ट स्पीकर आपोआप हळू होईल असं करा, किंवा सरळ हेडसेट द्या. दुसरा प्रश्न गच्चीवरचा. एक सेट २५ वॉट सोडतो तेव्हा शेजारच्या अँटेनावरचा सेट बहिरा होतो. दोन सेट एकदम बोलले तर नव्या फ्रिक्वेन्सीही तयार होतात. उदाहरणार्थ, नुसतं गणित म्हणून, १४५.००० आणि १४५.४०० मेगाहर्ट्झ एकत्र आल्या तर १४४.६०० आणि १४५.८०० वर कचरा येतो. अँटेना आडव्या रांगेत लावण्यापेक्षा एकाच खांबावर एकाखाली एक, अंतर सोडून लावल्या तर एकमेकींचा त्रास खूप कमी होतो. आपल्याकडे जूनपासून विजांचे दिवस, तेव्हा प्रत्येक केबलला लाइटनिंग अरेस्टर हवाच. रेंजची अपेक्षाही आधी ठरवा: तुर्भे-महापेच्या पूर्वेला पारसिकची डोंगररांग आहे. कंपनीची गाडी शिळफाट्याकडे डोंगराआड गेली की तिचा आवाज तुटणार, त्याला कन्सोल काही करू शकत नाही.

सप्लायचं गणित चारही सेट एकदम बोलतील असं धरून करा, कारण सर्वांना एकत्र सूचना देण्याचं बटण तुम्ही देणारच आहात. २५ वॉटचा सेट बोलताना साधारण सहा-सात अँपिअर घेतो, म्हणजे चौघांचे जवळपास अठ्ठावीस. प्रत्येक सेटला वेगळा फ्यूज, आणि मागे बॅटरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. कंट्रोल रूमचे सेट अशाच दिवसासाठी ठेवलेले असतात.

कॉम्प्युटर मी सर्वांत शेवटी आणतो. निवड आणि पीटीटी साध्या स्विचवर चालावेत, कॉम्प्युटर बंद पडला तरी. रेकॉर्डिंग आणि शेवटचा कॉल परत ऐकणं ही कामं रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर उत्तम करतो. सीएम१०८ चिपची यूएसबी साउंड कार्डं स्वस्त असतात, आणि त्यांच्या मोकळ्या पिनांवरून पीटीटीही चालवता येतं. फक्त चार सारखी कार्डं लावली की रीबूटनंतर त्यांचे क्रमांक बदलू शकतात. मग फायरचं रेकॉर्डिंग ट्रान्सपोर्टच्या नावाने साठतं. लिनक्समध्ये यूडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांना नावं देणाऱ्या व्यवस्थेचा) नियम लिहून प्रत्येक कार्ड त्याच्या यूएसबी पोर्टला बांधून टाका. दुसऱ्या इमारतीतून ऐकायचं असेल तर मम्बल हे नेटवर्कवरून बोलण्या-ऐकण्याचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवरच. सेट इंटरनेटला जोडण्याआधी परवान्याच्या अटी वाचा.

दोन चॅनेल एकमेकांना जोडणारा क्रॉस-पॅच सगळ्यांनाच हवासा वाटतो. तो देताना एवढं पाळा: पॅचने ज्या सेटची पीटीटी दाबली, त्याचा सीओएस तेवढ्या वेळापुरता आणि नंतर क्षणभर दुर्लक्षित करायचा. नाहीतर एकाच्या शेवटच्या खरखरीने दुसरा उठतो, दुसऱ्याच्या खरखरीने पहिला, आणि दोघे कोणी न बोलता बोलत राहतात. पॅच चालू असताना पॅनलवर मोठा लाल दिवा लुकलुकू द्या.

बंदरं, रिफायनऱ्या, मेट्रो, मोठी रुग्णालयं, सगळीकडे कंट्रोल रूम असतात आणि हे काम येणारी माणसं तिथे लागतात. मुलाखतीला जाताना कन्सोलच्या फोटोपेक्षा वायरिंगचं ड्रॉइंग आणि प्रत्येक चॅनेलच्या मोजमापांचा कागद बरोबर न्या: डेव्हिएशन किती, पीटीटीचा करंट किती, कोणती पिन कुठे. त्याच ड्रॉइंगची एक प्रत कन्सोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, रात्रपाळीतल्या टेक्निशियनसाठी.