तुळशीवरची माशी, आजीच्या बांगड्या: तीन-चार वर्षांच्या मुलाला मधमाशी कशी शिकवावी

तुळशीला मंजिऱ्या आल्या की सकाळच्या उन्हात तिच्याभोवती मधमाश्या घोटाळू लागतात. सुरुवात तिथूनच करा. चित्रं, तक्ते, रंगवायचे कागद मागाहून. या वयाची मुलं आधी हातांनी शिकतात, नावं नंतर कळली तरी चालतं.

१. आधी बघा

मुलाला मांडीवर घेऊन कुंडीपासून चार हात लांब बसा. नियम दोनच: फुंकर मारायची नाही आणि हात झटकायचे नाहीत. माशीच्या मागच्या पायांना कधीकधी पिवळी गोळी चिकटलेली दिसते, ती शोधायला सांगा. ते परागकण. पाच मिनिटं पुरे, मूल कंटाळायच्या आत उठा. उंच इमारतीच्या सज्जाखाली किंवा पाण्याच्या टाकीला लटकलेलं भलंमोठं पोळं मात्र बहुधा आग्या माशीचं असतं. ते लांबूनच दाखवायचं आणि तिथे थांबायचंही नाही.

२. हळदीचे परागकण

कागदाची दोन फुलं कापा. एकाच्या मधोमध चिमूटभर हळद, दुसऱ्यात तांदळाचं पीठ. मुलाच्या बोटाला लोकरीचा छोटा गोंडा बांधा. ही झाली माशी. आधी हळदीच्या फुलावर बसायचं, मग पांढऱ्या. दोन-चार फेऱ्यांत पांढरं पीठ पिवळं पडतं. तोपर्यंत काही समजावू नका. "हे पिवळं कुठून आलं?" एवढंच विचारा. माशी खाऊ आणायला जाते आणि जाताजाता एका फुलाचे परागकण दुसऱ्यावर नेते. म्हणून वेलीला काकडी-भोपळा धरतो, हे त्यानंतर सांगितलं की पटकन पोचतं. कपडे जुने घाला, हळदीचा डाग निघत नाही.

३. इडलीपात्राचं पोळं

औषधाचा रिकामा ड्रॉपर स्वच्छ धुऊन घ्या. एका वाटीत साखरपाणी, म्हणजे फुलातला मकरंद. खोलीच्या दुसऱ्या टोकाला इडलीपात्र, म्हणजे पोळं. मूल ड्रॉपर भरून नेतं आणि खळग्यात रिकामा करतं. चिमटीची ताकद वाढते, पुढे पेन्सिल धरताना ती उपयोगी पडते. पाचव्या-सहाव्या फेरीला "दमलो" ऐकू आलं की सांगा: एक कामकरी माशी जन्मभर राबून चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध जमवते. ही गोष्ट मला स्वतःला कळली तेव्हापासून मधाची बरणी निपटून पुसल्याशिवाय टाकवत नाही.

उरलेलं साखरपाणी ताटलीत पसरून जाळीखाली, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट लागतं. माश्याही पोळ्यात पंखांनी वारा घालून मकरंदातलं पाणी उडवतात, तेव्हा त्याचा मध होतो.

४. बांगड्या आणि षटकोन

माझा सगळ्यात आवडता खेळ हा. एकाच मापाच्या सात बांगड्या घ्या, शक्यतो प्लास्टिकच्या. एक मधे ठेवा आणि विचारा, हिच्याभोवती हिला चिकटून किती मैत्रिणी बसतील? मुलाला मांडू द्या, चुकू द्या. बरोबर सहा बसतात. ना पाच, ना सात. आता बांगड्यांमधल्या रिकाम्या कोपऱ्यांत तुरीचे दाणे टाकायला सांगा. दाणे मावले, म्हणजे तेवढी जागा वाया गेली.

मग जुन्या लग्नपत्रिकांचे एकाच मापाचे सात षटकोन कापून द्या. तेही मधे एक, भोवती सहा असेच बसतात, पण दाणा ठेवायला फट उरत नाही. मेण माशीच्या पोटाखालून पाझरतं, ते बनवायला तिला भरपूर मध खर्ची घालावा लागतो. सहा बाजूंच्या घरात शेजाऱ्यांची भिंत सामाईक, जागा वाया नाही आणि मेणही कमी लागतं. "षटकोन" हा शब्द मुलाला आला नाही तरी बिघडत नाही. आमच्याकडे अजून "सहा कोपऱ्यांचं" असंच चालतं.

५. नाचून पत्ता

घरात लाडू लपवा. एकाने बोलायचं नाही, फक्त कंबर हलवत लाडवाच्या दिशेने चालून दाखवायचं. लाडू लांब असेल तर जास्त वेळ हलवायची. माश्या फुलांची दिशा आणि अंतर नाचूनच सांगतात. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं होतं. आजोबांना नक्की खेळायला लावा.

दोन सावधगिऱ्या

घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, त्यातून गंभीर आजार होऊ शकतो. माशी चावलीच तर नांगी नखाने लगेच खरवडून काढा आणि गार पट्टी ठेवा. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा.

शेवटी चमचाभर मध चाखताना "आपण खाल्ला, मग माशी काय खाणार?" हा प्रश्न येतोच. खरं उत्तर द्या. महाबळेश्वरजवळच्या मांघरसारख्या गावांत लोक सातेरी माश्या लाकडी पेट्यांत पाळतात. मधाची चौकट यंत्रात फिरवली की मध निथळतो, पोळं शाबूत राहतं आणि तीच चौकट परत पेटीत जाते. माश्यांपुरता मध मागे ठेवतात.