चार्म हरवतो तो कडीतून : हातानं दागिने करताना या चुका टाळा

माझ्या कामाच्या टेबलावर श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो. दुरुस्तीला परत आलेले दागिने त्यात पडतात: अर्धवट ब्रेसलेट, एकटं उरलेलं कानातलं, पेंडंट नसलेली साखळी. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होण्याआधी मी तो डबा वर्तमानपत्रावर उपडा करते आणि एकेक नग बघत बसते. मणी फुटलाय किंवा चार्म, म्हणजे साखळीला लोंबणारं इवलं लटकन, मोडलंय असं फार क्वचित दिसतं. एक वस्तू जिथे दुसरीला धरते, तिथेच बिघडलेलं असतं. कडी उघडलेली, गाठ सुटलेली, गोंदानं हात सोडलेला. नव्यानं शिकणाऱ्या बहुतेक जणी रंगसंगतीवर दोन-दोन तास घालवतात आणि जोड शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात.

भाचीच्या अठराव्या वाढदिवसाला मी तिला सात चार्मचं ब्रेसलेट करून दिलं होतं. त्यात आजीच्या जुन्या दागिन्यातला चांदीचा एक इवलासा मोर होता. हळदीच्या गर्दीत तो पडला आणि पुन्हा मिळाला नाही. ब्रेसलेट हातात घेऊन पाहिलं तर कडी जागच्या जागी, लांबून अगदी धडधाकट. डोळ्यांजवळ धरल्यावर तिच्या तोंडाशी अर्ध्या मिलिमीटरची फट दिसली. मोराच्या डोक्यावरचं कडं त्याहून बारीक तारेचं होतं. तेवढ्या जागेतून तो निसटला.

कडी फाकवू नका, पिरगाळा

जंप रिंग, म्हणजे आपली साधी कडी. ती उघडायला पक्कडीनं दोन्ही टोकं डावी-उजवीकडे ओढायची नाहीत. तसं केलं की गोल आकार मोडतो आणि मग कितीही दाबा, ती टोकाला टोक भिडून बंद होत नाही. दोन पक्कडी घ्या. कडीचं तोंड वर ठेवा. एक टोक स्वतःकडे आणि दुसरं पलीकडे, दार उघडल्यासारखं सरकवा. बंद करताना टोकं सारखी झाली की लगेच थांबू नका. एकमेकांच्या किंचित पुढे न्या, परत मागे आणा, असं दोन-तीनदा करा आणि करताना आतल्या बाजूला हलकासा दाब ठेवा. तारेला थोडं मागे सरकायची सवय असते. ती या हालचालीत भरून निघते. टोकं घासल्याचा बारीकसा 'टक' असा आवाज आला की कडी बसली.

नंतर जोडावरून नख फिरवा. नख अडकलं तर काम अपुरं आहे. माझ्याकडे एक जुनी जॉर्जेटची ओढणी आहे. तयार झालेलं प्रत्येक ब्रेसलेट तिच्यावरून ओढून बघते, कारण नखाला न कळलेली फट त्या कापडाच्या धाग्याला कळते.

तीच कडी पाच-सहा वेळा उघडबंद केली की धातू कडक होत जातो आणि शेवटी तडकतो. डिझाइन बदलायचं असेल तर कडीही नवी घ्या. चार आण्याच्या वस्तूसाठी चांदीचा चार्म पणाला लावू नये.

जाडीकडेही बघा. तारेचा गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक, वाढला की तार बारीक होते, हे सुरुवातीला उलटं वाटतं. २२ गेज म्हणजे सुमारे ०.६ मिमी, २० गेज ०.८ मिमी, १८ गेज १ मिमी. हलक्या कानातल्याला २२ चालतो. रोज हातात घालायच्या चार्म ब्रेसलेटला २० गेजपेक्षा बारीक तार घेऊ नका, आणि जड चार्मला १८ घ्या. मात्र नुसती जाडी पाहून भागत नाही. त्याच ०.८ मिमी तारेची ४ मिमीची कडी घट्ट राहते आणि ८ मिमीची बोटानं वाकते. जिथे मोठी कडी हवीच असेल तिथे तार जाड घ्या, नाहीतर किल्लीच्या रिंगसारखी दुहेरी वेढ्याची कडी वापरा. जिवाच्या मोलाचा चार्म असेल तर सोनाराकडून जोडाला डाक लावून, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधून घ्यावा. दोन मिनिटांचं काम असतं.

घरातल्या हत्यारांच्या डब्यातली पक्कड वापरत असाल तर तिच्या दात्यांचे ओरखडे धातूवर उठतात. सपाट, बिनदात्याची पक्कड मिळेपर्यंत तिच्या तोंडाला चिकटपट्टीचे दोन वेढे द्या.

चार्म उलटसुलट लोंबतात

ही तक्रार सर्रास असते, आणि तिचं कारण साखळीला पडलेल्या पिळात असतं. हातात धरून चार्म अडकवत गेलं की साखळी नकळत फिरते आणि पुढचा चार्म कडीच्या भलत्याच बाजूला जातो. साखळी टेबलावर सरळ करा, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं पक्की करा आणि सगळे चार्म दुव्यांच्या एकाच कडेला अडकवा. जड चार्म मधोमध ठेवा. तो ब्रेसलेट बंद करायच्या आकड्याजवळ आला तर आकडाच मनगटाखाली घसरत राहतो.

माप बरोबर, तरी घट्ट

मनगट सात इंच, ओवलेला सरही सात इंच, आणि तरी ब्रेसलेट रुतलं. यात गणित चुकतं. दोरा मण्याच्या मधून जातो, पण हाताला टेकते ती मण्याची आतली बाजू. मण्याच्या व्यासाची ३.१४ पट लांबी त्यात खर्च होते. १० मिमीच्या मण्यांत ३१ मिमी जातात, म्हणजे सात इंचांच्या सरात आत जागा उरते जेमतेम पावणेसहा इंच. ६ मिमीच्या मण्यांत १९ मिमी जातात. म्हणून मनगटाच्या मापात आधी मण्याचा हा हिशेब मिळवा, मग हालचालीपुरता अर्धा-पाऊण इंच. चार्म लोंबणार असतील तर पाऊण इंच तरी हवाच.

तंगूस, इलॅस्टिक आणि गाठ

लहानपणी आईबरोबर पटवेकऱ्याकडे पोत गाठवायला जायचे. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून तो गाठ मारायचा, आणि पोत आमच्या हातात देण्याआधी तिला दोन्ही हातांनी एक हिसका द्यायचा. काळजात धस्स व्हायचं. आता कळतं की तुटायचं असेल तर त्याच्यासमोर तुटावं, बाईच्या गळ्यात नको, म्हणून तो हिसका होता. माझं प्रत्येक ब्रेसलेट मी तसंच ओढून बघते.

इलॅस्टिक ओवण्याआधी चांगलं ताणून घ्या. न ताणता ओवलं तर आठवड्याभरात ते सैल पडतं आणि मण्यांमध्ये दोरा दिसू लागतो. साधी गाठ त्यावर टिकत नाही. पहिल्या फेऱ्यात दोरा एकदाऐवजी दोनदा वळवा, घट्ट ओढा, वर आणखी एक गाठ मारा आणि ती मोठ्या भोकाच्या मण्यात सरकवा. गाठीवर फेविक्विक घालू नका. त्यानं इलॅस्टिक त्या जागी कडक होतं आणि तिथूनच तुटतं. सुकल्यावर लवचीक राहणारा दागिन्यांचा गोंद एक थेंब पुरतो.

जड मण्यांना तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, नको. तो गुळगुळीत असल्यानं गाठ सरकते, आणि काचेच्या किंवा धातूच्या मण्याच्या धारदार भोकावर घासून तो चिरतो. अशा कामाला गिअर वायर (प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक पोलादी तार) आणि गिअर लॉक (तिला धरून ठेवणारा, पक्कडीनं दाबायचा बारीक मणी) घ्या. लॉक दाबण्याआधी सरात दीड-दोन मिलिमीटर मोकळे सोडा. मणी एकमेकांना खेटून बसले की सर काठीसारखा ताठ होतो आणि वळवला की सगळा ताण लॉकवर येतो.

गोंदानं खडा पांढरा पडला

फेविक्विकची वाफ आजूबाजूला बसते आणि मोती, आरसा, कुंदन यांवर पांढुरकी साय धरते. खड्यामागचा चकचकीत मुलामाही काळवंडतो. खडे आणि कानातल्यांचे टॉप बसवायला दोन ट्यूबचं इपॉक्सी घ्या, दोन्ही भाग सारखे घेऊन नीट घोटा. त्याआधी गुळगुळीत पृष्ठभागावर पॉलिश पेपर दोनदा फिरवा आणि स्पिरिटनं पुसा. हाताचं तेल राहिलं तर कुठलाही गोंद धरत नाही. पाच मिनिटांत सेट होतो असं पाकिटावर असलं तरी ते फक्त हलू नये इतपत असतं. पूर्ण जोर यायला एक दिवस जाऊ द्या. रात्री चिकटवून सकाळी कुरिअर करणं, ही माझ्या त्या डब्यातली मोठी हिस्सेदार चूक.

रेझिनचा चार्म चिकटच राहिला

लग्नाच्या हारातल्या पाकळ्या रेझिनमध्ये, म्हणजे सुकल्यावर काचेसारखं कडक होणाऱ्या द्रवात, घालून चार्म करायची हौस सध्या खूप आहे, आणि ती मला मनापासून आवडते. पण पाकळीत ओल राहिली तर ती आतल्या आत तपकिरी होते. सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांत, ठेवून पाकळी कागदासारखी कुरकुरेपर्यंत वाळवा. गुलाब आणि झेंडू सुट्या पाकळ्यांनी वाळवा. अख्खं फूल बाहेरून वाळलेलं दिसतं आणि देठाशी ओलं राहतं.

चिकटपणाचं कारण बहुतेकदा मापात असतं. रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर यांचं २:१ हे प्रमाण मापानं सांगितलंय की वजनानं, ते बाटलीवर वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे दोन्ही हिशेब एकच नसतात. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल, हा समज तर काढूनच टाका. जास्त झालेल्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही आणि चार्म मऊ राहतो. तीन मिनिटं सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. भराभर ढवळलं की बुडबुडे होतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली ओल पृष्ठभागावर तेलकट थर आणते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी रेझिनची ऑर्डर घेत नाही. खिडकी उघडी ठेवा आणि हातमोजे घाला. या इपॉक्सी रेझिनची अ‍ॅलर्जी एकदा लागली की सहसा जात नाही, आणि हे काम कायमचं सोडावं लागतं.

आणि इथेही जोड आहेच. पेचाची बारीक कडी नुसती रेझिनमध्ये फिरवून बसवली तर महिन्या-दोन महिन्यांत ती हातात येते. बारीक हातड्रिलनं पाच-सहा मिलिमीटर खोल भोक पाडा, त्यात रेझिनचा थेंब सोडा, मग पेच फिरवा. पॉलिमर क्लेच्या चार्ममध्ये तारेचं आतलं टोक आकड्यासारखं वाकवून भाजण्याआधीच रुतवा. क्ले कमी भाजली तर ठिसूळ राहते, जास्त तापली तर जळून घातक धूर सोडते. कंपनीप्रमाणे साधारण ११० ते १३० अंश लागतात, आणि घरच्या ओव्हनचा काटा खोटं बोलतो, तेव्हा आत वेगळा थर्मामीटर ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नको.

कान खाजतात, मनगट हिरवं होतं

हिरवा डाग तांब्या-पितळेचा. घामानं पडतो, धुतला की जातो. कान लाल होऊन पाणी सुटणं मात्र निराळं. ते बरेचदा निकेलमुळे होतं. जर्मन सिल्व्हरमध्ये नावाला चांदी, प्रत्यक्षात तांबं, जस्त आणि निकेल असतं. युरोपीय संघात टोचलेल्या भागात घालायच्या दागिन्यातून आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटायला मनाई आहे, इतकं ते गंभीरपणे घेतलं जातं. वर लटकन काहीही असो, कानात जाणारी तार ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदीची किंवा टायटॅनियमची लावा. आणि घाऊक बाजारातून आणलेल्या हुकांवर काय मुलामा आहे हे माहीत नसेल तर 'अ‍ॅलर्जी होणार नाही' असं गिऱ्हाइकाला लिहून देऊ नका. कान तिचा आहे.

नवीन डिझाइन मी विकायला काढण्याआधी स्वतः चार दिवस वापरते: भांडी घासताना, गाडी चालवताना, झोपतानाही. पाचव्या दिवशी ओढणीवरून फिरवते. प्रत्येक पाकिटात त्याच मापाच्या दोन जादा कड्या टाकते, आणि सोबत पक्कड कशी फिरवायची याचं हातानं काढलेलं चित्र. भाचीच्या ब्रेसलेटवर आता मोराच्या जागी एक मोकळी कडी आहे. डाक लावलेली. मोर कधी सापडलाच तर ती कापून नवी बसवायची, असं आमचं ठरलं आहे.