शूरुर: एका फेरो नावाची व्युत्पत्ती शोधताना या चुका टाळा

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरचं 'शूरुर' हे पुरुषाचं नाव ऐकलं की मराठी माणसाला लगेच आपला 'शूर' आठवतो. पहिली चूक इथेच होते. हा निव्वळ योगायोग आहे. शेवटचा 'उर' हा पुल्लिंगी प्रथमेचा प्रत्यय, तो आधी बाजूला काढा. मग स्पेलिंग बघा: Sjúrður. 'र'नंतर दांडीला छेद दिलेला 'डी' आहे. बोलताना तो ऐकू येत नाही; पण फेरो भाषातज्ज्ञ हामर्सहाइंब यांनी १८४६ साली घालून दिलेली फेरो लेखनपद्धत व्युत्पत्तीला धरून चालते, म्हणून तो लेखनात टिकला.

तो 'डी' धरून मागे गेलात की जुन्या नॉर्समधलं, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतलं, 'सिगुर्द' सापडतं. त्यातला 'ग' झिजला, 'सिउ'चा 'शू' झाला. नॉर्वेतही असंच 'शूर' तयार झालं. आइसलँडच्या लेखनात मात्र 'ग' अजून शाबूत आहे. बेटं डेन्मार्कच्या राज्यात आहेत म्हणून नाव डॅनिश समजू नका. तिथली मूळ नॉर्स वस्ती मुख्यतः नॉर्वेकडून आलेली.

सर्वांत चिवट चूक म्हणजे 'सिगुर्द' आणि जर्मन 'जीगफ्रीड' हे एकच नाव मानणं. वीर एकच, ड्रॅगन मारणारा. फेरो लोक ज्याची दीर्घ कवनं हातांची साखळी करून नाचत गातात, तोच. नावं मात्र वेगळी. दोन्हींचा पूर्वार्ध 'विजय'. उत्तरार्ध एकीकडे 'रक्षक', दुसरीकडे 'शांती'. 'सिगुर्द'चं खरं जर्मन भावंड 'जीगवार्ट', जुन्या इंग्रजीतलं 'सिगेवेअर्ड'. या सगळ्या भाषा जर्मानिक कुळातल्या; पण जर्मानिक म्हणजे जर्मन नव्हे. जर्मन ही त्या कुळातली एक शाखा. संस्कृतशी नातं हवंच असेल तर तेही आहे, पण 'शूर'शी नाही: या 'सिग'चा दूरचा नातलग म्हणजे वेदातलं 'सहस्', बळ.

आणि 'विजयाचा रक्षक' असा सलग अर्थ लावून मोकळे होऊ नका. जर्मानिक घराण्यांत नावाचा एक तुकडा बापाकडून मुलाकडे जाई, दुसरा बदले. या कथेतही सिगमुंडचा मुलगा सिगुर्द. त्यामुळे असं नाव उलगडताना अर्थाआधी वडिलांचं आणि आजोबांचं नाव तपासा.