कोल्हापूरच्या उन्हात अझालिया: कुंडीतच लावा

अझालिया या फुलझुडपाला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता मोजणारा आकडा; कमी तितकी आम्लता जास्त) ४.५ ते ५.५. पंचगंगाकाठची काळी माती चुनखडीची आणि पाणी धरून ठेवणारी, त्यामुळे जमिनीत लावायचा हट्ट सोडा. तळाला भोकं असलेली १२ इंची, उथळ पण रुंद कुंडी घ्या, कारण मुळं वरच्या थरातच पसरतात.

मिश्रण असं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण कुजलेलं पानखत, एक भाग पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती, अर्धा भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे, हलके खडे). कोकोपीट तीन पाण्यांतून काढा, नाहीतर त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात. राख, चुना, हाडांचा चुरा घालू नका. लावताना खोडाचा बुंधा पूर्वी होता त्याच पातळीवर ठेवा. खोल गाडलेलं रोप कुजतं.

सकाळी १० पर्यंतचं ऊन पुरे. मार्च ते मे ५० टक्के शेडनेट लावा.

खरी गोम पाण्यात आहे. बोअरचं जड पाणी दिलं की दोन-तीन महिन्यांत सामू चढतो आणि लोह मुळांना मिळेनासं होतं: कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. पावसाचं पाणी साठवा. तोवर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह), लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी फवारा.

पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली न्या, विटांवर ठेवा. छाटणी फुलं ओसरताच. पावसाळ्यानंतर छाटाल तर कळ्याच जातील.