कबुतरांची विष्ठा आणि न थांबणारी डोकेदुखी: या चुका टाळा

पुण्यातल्या जुन्या सोसायटीच्या डक्टमध्ये वाकून पाहा. एसीच्या युनिटमागे कबुतरांच्या विष्ठेचा राखाडी थर असतो, त्यात काड्या आणि पिसं. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही यीस्ट-प्रकारची बुरशी मातीत आणि अशा सुक्या विष्ठेत वाढते आणि धुळीबरोबर फुफ्फुसात शिरते. धडधाकट माणसाला बहुधा काहीच होत नाही. एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइड्स यांनी प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते आणि क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर होतो.

म्हणून सुका झाडू मारू नका. थर पाणी फवारून पूर्ण भिजवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, खरवडून दुहेरी पिशवीत भरा, मग जाळी बसवा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याने हे काम करूच नये. रुग्णाचं ताट-वाटी वेगळं करण्याची मात्र गरज नाही. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही.

या मेंदूज्वरात डोकेदुखी दोन-तीन आठवडे वाढत जाते. बारीक ताप, उलट्या, मग एकाच्या दोन वस्तू दिसणं. ‘मान आखडलेली नाही, म्हणजे मेंदूज्वर नाही’ हा समज इथे घात करतो. प्रतिकारशक्तीच नसल्याने सूज कमी येते, मान मऊ राहते, मणक्यातल्या पाण्यात पेशीही जेमतेम सापडतात. मग अंदाजाने टीबीची औषधं सुरू होतात आणि मोलाचे दिवस जातात. क्रिप्टोकॉकल अँटिजेनची, म्हणजे या बुरशीचा अंश शोधणारी पट्टी थेंबभर रक्तावर दहा मिनिटांत उत्तर देते. एचआयव्हीबाधिताचा सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) १०० च्या खाली असेल तर लक्षणं नसतानाही ती करायलाच हवी. मणक्यातल्या पाण्यात इंडिया इंक ही काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसली नाही, एवढ्यावर आजार नाकारू नका.

सगळ्यात महागात पडते ती चूक पाठीतल्या पाण्याची. ‘पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो’ असं म्हणत नातेवाईक अडतात. कधी पाणी काढलं जातं, पण दाब मोजलाच जात नाही. बुरशीच्या कवचातला चिकट पदार्थ पाण्याचा निचरा अडवतो, डोक्यातला दाब चढतो आणि नजर जाते. रुग्णाला कुशीवर झोपवून मॅनोमीटरने दाब मोजा. २५ सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर २० च्या खाली किंवा निम्म्यावर येईपर्यंत पाणी काढा. लक्षणं टिकली तर रोज. शुद्ध हरपलेली किंवा एक बाजू लुळी असेल, तर आधी सीटी स्कॅन.

अँफोटेरिसिन हे शिरेतून द्यायचं बुरशीविरोधी औषध सलाइनमध्ये मिसळू नका, गाळ धरतं; पाच टक्के डेक्स्ट्रोजच वापरा. मूत्रपिंड जपण्यासाठी त्याआधी पोटॅशियम घातलेलं एक लिटर सलाइन वेगळं द्या, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) व पोटॅशियम तपासत राहा. डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या सूचनांनुसार एचआयव्हीबाधितांना लिपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधलेल्या) अँफोटेरिसिनचा वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड नेमाने देऊ नका, त्याने नुकसानच होतं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधंही लगेच नकोत. चार ते सहा आठवडे थांबा.

बरं वाटलं की फ्लुकोनॅझोल बंद करणारे खूप. पहिल्या १४ दिवसांनंतर रोज ८०० मिलिग्रॅम आठ आठवडे, मग रोज २०० मिलिग्रॅम किमान वर्षभर आणि सीडी४ वर येईपर्यंत. या काळात अँटिजेनची चाचणी महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहू शकते, तेवढ्यावरून औषध बदलू नका. डोकेदुखी परतली तर मात्र पुन्हा पाणी काढून दाब मोजा आणि कल्चर (बुरशी वाढते का पाहण्याची तपासणी) पाठवा.