जादूच्या एस्केप रूमला सहकुटुंब जाताना

जादूच्या संकल्पनेवर बेतलेल्या एस्केप रूमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत कोडी सोडवून बंद खोलीतून बाहेर पडण्याच्या खेळाला, सहकुटुंब जायचे ठरले की आधी येणारी माणसे मोजावीत आणि मगच खोली निवडावी. बहुतेक खोल्या दोन ते सहा, फार तर आठ जणांसाठी आखलेल्या असतात, आणि आपल्या गोव्यातील घरांत चवथीला (गणेश चतुर्थीला) किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याचे नातेवाईक उतरले की दहा-बारा माणसे सहज भरतात. इतक्या जणांना एकाच खोलीत कोंबले तर पुढचे तिघे खेळतात आणि बाकीचे भिंतीला टेकून उभे राहतात. त्यापेक्षा दोन चमू करावेत आणि प्रत्येक चमूत एखादे वडीलधारे माणूस व एखादे लहान मूल असेल असे पाहावे.

बुकिंग संकेतस्थळावर होत असले तरी त्याआधी फोन करावाच. अंधार किती असतो, अचानक मोठे आवाज होतात का, कुठे रांगत जावे लागते का, आजी-आजोबांना बसायला स्टूल मिळेल का, हे सारे स्पष्ट विचारून घ्यावे. आमच्या पहिल्या खेपेला मी हे विचारले नव्हते. दिवे मालवून गडगडाट सुरू होताच माझा सहा वर्षांचा भाचा माझ्या ओढणीत तोंड खुपसून रडू लागला. दार तत्काळ उघडले गेले, तरी पुढे वर्षभर तो अशा ठिकाणी पाऊल टाकायला तयार नव्हता. कोडी कोणत्या भाषेत आहेत हेही विचारावे. ती बहुधा इंग्रजीत असतात, त्यामुळे मराठी प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाला आणि आजीला प्रत्येक चिठ्ठी वाचून मराठीत सांगणारे कोणीतरी आधीच नेमलेले बरे.

एक प्रश्न मात्र संकोच न ठेवता विचारावा: आग लागली किंवा वीज गेली तर दार कसे उघडते? ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन शहरात एका एस्केप रूममध्ये आग लागून पंधरा वर्षांच्या पाच मुली दगावल्या, कारण त्यांना बाहेर पडायला सुरक्षित वाटच उरली नव्हती. विद्युतचुंबकावर चालणारी कुलपे वीज खंडित होताच आपोआप सुटतात, साधी कुलपे सुटत नाहीत. पावसाळ्यात आपल्याकडे वीज वारंवार जाते, म्हणून दार आतून उघडण्याचे बटण कुठे आहे हे आत गेल्याबरोबर मोठ्यांनी स्वतः पाहून घ्यावे आणि मुलांनाही दाखवावे.

आदल्या दिवशीची एक संध्याकाळ मुलांसोबत घरीच घालवावी. पांढऱ्या कागदावर हळदीचे पाणी लावून तो वाळवावा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने त्यावर अक्षर काढावे. पिवळ्या कागदावर लालसर अक्षर उमटते आणि मुले थक्क होतात. क ऐवजी ख, ख ऐवजी ग अशी एक-एक अक्षर पुढे सरकवून लिहिलेली चिठ्ठी सोडवायला द्यावी, उलटे लिहिलेले शब्द आरशात वाचायला लावावेत. खोलीतील चमत्कारही याच जातीचे असतात. जादूच्या कांडीच्या टोकात अनेकदा लोहचुंबक बसवलेले असते आणि टेबलाच्या फळीखाली त्याला दाद देणारा स्विच असतो, म्हणून कांडी ठरावीक जागी टेकताच कप्पा उघडतो. हे मात्र मुलांना परतल्यावरच सांगावे.

फोंड्याहून किंवा डिचोलीहून निघताना अर्धा तास हाताशी ठेवावा, आणि म्हापशाच्या बाजूला जायचे असल्यास शुक्रवारच्या बाजाराची गर्दी ध्यानात घ्यावी. खेळाचा वेळ सहसा साठ मिनिटांचा असतो आणि उशिरा पोहोचल्यास पुढच्या गटामुळे तो वाढवून मिळत नाही.

आत गेल्यावर सापडलेली प्रत्येक वस्तू मोठ्याने सांगावी. कुटुंबांची सर्वांत जास्त मिनिटे इथेच वाया जातात, कारण एकाच्या खिशात किल्ली असते आणि दुसरा तिच्याचसाठी पेटी हलवत बसलेला असतो. सापडलेल्या वस्तू एकाच टेबलावर मांडाव्यात, वापरून झालेली किल्ली त्याच कुलपात राहू द्यावी आणि कुठेही बोटांपेक्षा अधिक जोर लावू नये. पाच मिनिटे काहीच हलले नाही तर कॅमेऱ्यातून पाहत खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरकडे हिंट मागावी; त्यात कमीपणा नाही.

प्रत्येकाला त्याच्या हातचे काम द्यावे. दुसऱ्या खेपेला आमच्या खोलीत काढे बनवणाऱ्या जादूगाराची फळी होती आणि तिच्यावर सहा बरण्या होत्या. मुले त्यांवरची वळणदार इंग्रजी अक्षरे लावण्यात गुंतली होती. माझ्या सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, एकेक झाकण उघडून वास घेतला आणि न अडखळता सांगितले: लवंग, वेलची, दालचिनी, जायफळ, जिरे, मिरी. भिंतीवरच्या चित्रांतील क्रमाने बरण्या ठेवताच फळीमागचा कप्पा उघडला. वर्षानुवर्षे चवथीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीसाठी, रानातली फळे-पाने ओळखून निवडणाऱ्या त्या बाईंना आजवर अशा ठिकाणी आम्ही केवळ सोबतीला नेत होतो, याची मला तेव्हा खरोखर लाज वाटली.

वेळ संपून कोडे अपुरे राहिले तर गेम मास्टरला उरलेला भाग दाखवण्याची विनंती करावी, बहुतेक ठिकाणी ते आनंदाने दाखवतात. दुसरा चमू बाहेर ताटकळत असेल, तर पहिल्याने त्यांच्याशी न बोलता थेट खाली उतरावे, कारण मुलांच्या पोटात गुपित राहत नाही. आमच्या घरी हे काम सासूबाईंकडे असते. त्या मुलांना घेऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात जातात, भाजी-पाव मागवतात आणि दुसरा चमू दारात दिसेपर्यंत जादूगाराचे नावही कोणाला काढू देत नाहीत.